पुठ्ठ्याच्या घरावर ऊन

स्केचअप या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये काढलेलं घर लांबूनही ओळखू यायचं. पांढऱ्या-करड्या सपाट भिंती, कडांना काळ्या रेघा, काचेच्या जागी फिकट निळा रंग. पुठ्ठा कापून चिकटवलेल्या मॉडेलसारखं ते दिसे आणि कुणी त्याला खरं घर समजण्याची भीती नसे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीने हे चित्र पालटलं. फरशीला चकाकी आली, नळ धातूसारखा दिसायला लागला, काम करतानाच्याच खिडकीत आभाळ आणि त्या आभाळाचा उजेड आला. घरं रंगवून दाखवण्याच्या धंद्यात असलेल्यांनी या बदलाचं स्वागत केलं आणि ते योग्यच होतं. मात्र घर बांधून घेणाऱ्यानेही तो नीट समजून घ्यायला हवा, कारण पैसे त्याचे आहेत.

स्केचअप जन्मलं अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी. १९९९ मध्ये ब्रॅड शेल आणि जो एश यांनी ॲट लास्ट सॉफ्टवेअर नावाची छोटी कंपनी काढली आणि २००० च्या ऑगस्टमध्ये पहिली आवृत्ती आणली. तेव्हा त्रिमितीत काम करायचं म्हणजे महिनोन्‌महिने शिकायचं, मग आकडे टाकत बसायचं. इथे चार रेघांचा चौकोन काढला की त्याचा पृष्ठभाग आपोआप तयार होई, आणि तो माउसने धरून वर ओढला की खोली उभी राही. पुश-पुल म्हणतात ती ही युक्ती; तिचं अमेरिकी पेटंट २००३ मध्ये मिळालं. दुसरी खुबी तितकीच मोठी, पण तिचं नाव कुणी काढत नाही. रेघ ओढताना टोकाशी हिरवा ठिपका उमटतो, मध्यावर आकाशी, आणि तीन दिशांना लाल, हिरवा, निळा असे तीन रंग. आपल्याला कुठे जायचं आहे याचा अंदाज सॉफ्टवेअरच बांधतं. हात शिकला की डोक्याला घराचा विचार करायला सवड मिळते.

२००६ मध्ये गुगलने कंपनी विकत घेतली. त्यांना गुगल अर्थवर इमारती उभ्या करून हव्या होत्या. लोकांनी त्या फुकट काढून द्याव्यात म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती काढली. त्यातून इमारती किती मिळाल्या ते मिळाल्या, आर्किटेक्चरचे विद्यार्थी मात्र या सॉफ्टवेअरला भरपूर मिळाले. आपल्याकडेही सबमिशनच्या आदल्या रात्री ज्यांनी यावर जिने ओढले आहेत, त्यांची अख्खी पिढी आता स्वतःची ऑफिसं चालवते. पुढे विमानातून काढलेल्या फोटोंवरून इमारती आपोआप उभ्या करण्याचं तंत्र आलं आणि २०१२ मध्ये गुगलने हे सॉफ्टवेअर ट्रिंबलला विकलं. ट्रिंबल ही जमीन मोजणीची आणि जीपीएसची उपकरणं बनवणारी कंपनी. एकदाच पैसे भरून कायमचा परवाना घेण्याची सोय तिने २०२० मध्ये बंद केली. आता दरवर्षी भाडं. लहान ऑफिसांना ते जड जातं आणि त्याबद्दलची कुरकुर रास्त आहे.

या सगळ्या काळात स्केचअपचं घर पुठ्ठ्याचंच राहिलं. ते सजवायला दुसऱ्या गावची सॉफ्टवेअरं लागत. बल्गेरियातल्या सोफियाहून आलेलं व्ही-रे हे त्यातलं दादा. त्याचे कर्ते व्लादिमिर कोयलाझोव यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०१७ मध्ये तांत्रिक पुरस्कार दिला, कारण सिनेमावालेही तेच वापरतात. व्ही-रे प्रकाशाचा एकेक किरण हिशोबाने फिरवतं. भिंतीवर आदळून तो छताकडे गेला, तिथून जमिनीवर आला, प्रत्येक ठिकाणी किती रंग उचलला, असा सगळा जमाखर्च. म्हणून संध्याकाळी रेंडर, म्हणजे चित्र रंगवण्याचं काम, लावून घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं, ही ऑफिसांची रीत होती. सकाळी कळायचं की पडद्याचा रंग चुकलाय! नंतर नेदरलँड्सचं लुमियन आणि जर्मनीतल्या कार्ल्सरूहचं एन्स्केप आलं. त्यांनी व्हिडिओ गेमचं तंत्र वापरून हीच चित्रं चालता-चालता दाखवली. व्ही-रेची कंपनी आणि एन्स्केप २०२२ मध्ये एक झाल्या.

म्हणजे नकाशा एकीकडे आणि देखावा दुसरीकडे, अशी फाळणी होती. २०२४ पासून स्केचअपने ती मोडायला घेतली. त्या वर्षी चित्र रंगवणारं इंजिन नवं आलं आणि त्याबरोबर ॲम्बियंट ऑक्लूजन. कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, छज्ज्याच्या खालच्या खाचेत चहूकडचा उजेड कमी पोचतो. तो काळोख आता सॉफ्टवेअर स्वतः घालतं. गोष्ट छोटी, पण वस्तू जमिनीवर टेकल्यासारख्या दिसायला लागतात. आधी सगळं फर्निचर किंचित तरंगत असे.

खरा पल्ला २०२५ च्या फोटोरिअल मटेरिअलचा. पूर्वी मटेरिअल म्हणजे एक रंग किंवा एकाशेजारी एक लावलेला फोटो, एवढंच. शहाबादी फरशी आणि पॉलिश केलेला कोटा यांच्यात फरक असायचा तो फक्त रंगछटेचा. दोन्ही चुनखडकच, पण पायाला आणि डोळ्याला किती वेगळे! आता मटेरिअलला खरखरीतपणा सांगता येतो, धातूपणा सांगता येतो. खरखरीतपणा कमी केला की कोट्यात खिडकीचं प्रतिबिंब स्पष्ट उमटतं. वाढवला की शहाबादीवर उजेड पसरून मंद होतो. शिवाय नॉर्मल मॅप नावाचं एक चित्र असतं. पृष्ठभागाचा कुठला कण कुठल्या बाजूला कललेला आहे एवढंच ते सांगतं आणि उजेड त्याप्रमाणे वळतो. कोकणातल्या जांभ्याची भोकं अशी दाखवता येतात. भोकं प्रत्यक्षात नसतात. भिंतीच्या कडेवर नजर नेली तर तिथे रेघ सरळच दिसते. पण मॉडेल हलकं राहतं आणि बेतास बात कॉम्प्युटरवर ते फिरतं.

मी याला दिखाऊपणा म्हणणार नाही. गुळगुळीत कोट्यावर दुपारी दरवाज्यातून येणारं ऊन डोळ्यांवर परततं, हे आधी कळलं तर फरशी बदलता येते. बांधून झाल्यावर कळलं तर पडदे घ्यावे लागतात.

तिसरी सोय म्हणजे एन्व्हायर्नमेंट, आणि माझा अडखळा इथे आहे. चहूबाजूंनी काढलेला आभाळाचा एक फोटो मॉडेलभोवती गुंडाळायचा आणि त्याचाच उजेड घरावर पाडायचा. या कल्पनेमागे पॉल डेबेवेक यांचं १९९८ चं संशोधन आहे. साध्या फोटोत ढग आणि सूर्य दोन्ही पांढरेच दिसतात. या खास फोटोत त्यांच्या प्रखरतेचं खरं प्रमाण साठवलेलं असतं, म्हणून त्या फोटोतला सूर्य खरोखर उजेड देतो. परिणाम सुंदर असतो. फक्त तो फोटो जिथे काढला तिथलं, त्या वेळेचं ते ऊन. वर तो हाताने फिरवता येतो. म्हणजे बैठकीच्या उत्तरेकडच्या खिडकीतून डिसेंबरची कोवळी किरणं आत आणायला अडचण काहीच नाही, अडचण आहे ती पुण्याच्या भूगोलाची.

स्केचअपमध्ये खऱ्या सूर्याची सोय कितीतरी जुनी आहे. जागा सांगा, महिना आणि वेळ सरकवा, सावली बरोबर पडते. पण जागा सांगितलीच नाही, तर मूळ साच्यात गाव असतं बोल्डर. कंपनीचं गाव, ४० अंश उत्तर. पुणे साडेअठरा अंशांवर. २१ डिसेंबरला भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, बोल्डरला साडेसव्वीस. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला तर पुण्यात त्याची सावली सव्वादोन फूट खाली उतरते, बोल्डरच्या उन्हात जेमतेम एक फूट. उन्हाळ्यात तर दिशाच बदलते. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. बोल्डरला तो वर्षातून एकदाही भर दुपारी उत्तरेला जात नाही. त्यामुळे बोल्डरच्या सूर्याखाली काढलेल्या बंगल्याची उत्तरेची भिंत दुपारी कायम सावलीत, गार आणि देखणी दिसते. त्यात प्लॅन कागदावर सरळ बसावा म्हणून उत्तर दिशाही तिरकी न ठेवता सरळ वर धरलेली असते. वास्तुशास्त्र मानणाऱ्या घरमालकाला ईशान्य कोपरा अंशात पाठ असतो, पण चित्रातली उत्तर कुठे आहे हे विचारायचं त्याच्या मनात येत नाही.

२०२३ च्या अखेरीस स्केचअपमध्ये आलेल्या डिफ्यूजन या सोयीबद्दल थोडक्यात. पुठ्ठ्याचं घर दाखवायचं, दोन ओळी लिहायच्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता काही क्षणांत चित्र रंगवून देते. मूड ठरवायला झकास. पण मॉडेलमध्ये नसलेली खिडकी ती बिनदिक्कत काढते, खांब खाऊन टाकते, आणि त्या चित्राचं मापाशी काही नातं राहत नाही. असं चित्र घरमालकाच्या हाती देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या पुठ्ठ्याच्या घराचा एक मोठा गुण होता. ते अपुरं दिसे, म्हणून लोक बोलत. आजी विचारत, देवघर इथे का? कुणी म्हणे, ओटा दुसऱ्या भिंतीला घ्या. चकचकीत चित्रासमोर तीच माणसं गप्प होतात आणि सोफ्याच्या रंगावर मत देतात. पहिल्याच बैठकीत असं चित्र दाखवणारा आर्किटेक्ट स्वतःचं काम सोपं करून घेतो आणि घराचं नुकसान करतो.

फ्लॅट विकत घेणाऱ्याला कायद्याचा थोडा आधार तरी आहे. २०१६ च्या रेरा कायद्याचं १२ वं कलम सांगतं की जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर विकासकाने भरपाई द्यावी. माघार घ्यायची असेल तर पैसे व्याजासह परत मिळतात. स्वतःचा बंगला बांधणाऱ्याला मात्र स्वतःच विचारावं लागतं. तेव्हा पुढच्या बैठकीला आर्किटेक्टला सांगा की मॉडेलमध्ये आमच्या प्लॉटची जागा आणि खरी उत्तर टाका, आभाळाचा फोटो बाजूला ठेवा, साधी करडी मोनोक्रोम शैली लावा आणि १५ मेची दुपारी चारची सावली दाखवा. फरशीची चकाकी त्यानंतर बघा.