सोळा तासांची जागा

अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहायला जायचं ठरलं, की पुण्या-नाशकातल्या, सांगली-कोल्हापुरातल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठली एअरलाइन चांगली? मग ओळखीपाळखीत विचारपूस सुरू होते. कुणी आखाती कंपनीचं नाव घेतं, कुणी ‘एअर इंडिया थेट नेते, मध्ये उतरायची कटकट नाही’ म्हणून तिचा आग्रह धरतं, तर कुणी युरोपवरूनच जा असं बजावतं. या सगळ्या सल्ल्यांत कंपनी असते, पण ज्या सीटवर अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस काढायचा, त्या सीटचा विषयच निघत नाही. हा क्रम उलटा करायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. आधी विमान कोणतं आणि त्यात रांगा कशा मांडल्या आहेत ते पाहावं, मग प्रवासाचे टप्पे कसे पडतात ते पाहावं. क्लास आणि कंपनी यांचा विचार त्यानंतर करावा. कारण कंपनीच्या नावावरून विमानातल्या सुखसोयींचा अंदाज बांधता येण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

एमिरेट्सचं उदाहरण घ्या. तिच्या दुमजली ए-३८० विमानांत बिझनेस क्लास वरच्या मजल्यावर असतो आणि रांगेत चारच सीट असतात : एक, दोन, एक. कुणालाही न उठवता प्रत्येकाला थेट वाटेवर येता येतं. याच कंपनीच्या अनेक बोइंग ७७७ विमानांत मात्र बिझनेसची रांग दोन-तीन-दोन अशी, म्हणजे सात जणांची आहे. तिथे काही लाख रुपये मोजूनही तिघांच्या मधोमध बसायची वेळ येऊ शकते, आणि रात्री उठायचं तर शेजाऱ्याच्या पसरलेल्या पायांवरून जावं लागतं. ही विमानं टप्प्याटप्प्यानं बदलली जात आहेत. पण आपल्या तारखेला जुनं येणार की नवं, हे कंपनीचं नाव सांगत नाही, विमानाचा प्रकार आणि सीट-नकाशा सांगतो. एअर इंडियाचंही तसंच. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे परत आली आणि त्यानंतर ताफ्यात आलेल्या ए-३५० विमानांत दरवाजा लावून घेता येईल असे बिझनेसचे कक्ष आणि स्वतंत्र प्रीमियम इकॉनॉमी आहे. जुन्या ७७७ विमानांतला अनुभव याहून फार वेगळा. म्हणून ‘एअर इंडिया कशी आहे?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर देताच येत नाही. त्यात कोडशेअरची भर : तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक असतो आणि खाली बारीक अक्षरांत ‘ऑपरेटेड बाय’ म्हणून दुसरीच कंपनी असते. विमान, कर्मचारी, जेवण सगळं त्या दुसऱ्या कंपनीचं. ती बारीक ओळ आधी वाचावी.

इकॉनॉमीतल्या बहुसंख्य प्रवाशांसाठी तर खरा फरक इंचांत असतो. बोइंग ७७७ मध्ये पूर्वी इकॉनॉमीची रांग नऊ जणांची असे. आता बहुतेक कंपन्या तेवढ्याच रुंदीत दहा जण बसवतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १७ इंच येतात. बोइंग ७८७ मध्ये नऊ जण आणि रुंदी जवळपास तेवढीच. जपान एअरलाइन्सने मात्र आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये आठच्याच रांगा ठेवल्या आहेत. एअरबसच्या ए-३५० मध्ये बहुधा नऊ आणि ए-३३० मध्ये आठ जण बसतात आणि सीट साधारण १८ इंचांची मिळते. एका इंचानं काय होतं? २०१३ मध्ये लंडनमध्ये झालेल्या एका झोपेच्या अभ्यासात १८ इंची सीटवर झोपेचा दर्जा ५३ टक्क्यांनी सुधारल्याचा निष्कर्ष निघाला होता. हा अभ्यास एअरबसनंच करवून घेतला होता, तेव्हा त्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. पण दहाच्या रांगेत दोन्ही बाजूंनी खांदे भिडतात आणि हातांसाठीचा दांडा कुणाचा हे अमेरिका येईपर्यंत ठरत नाही, हे कळायला अभ्यासाची गरज नाही. नव्या विमानांचा आणखी एक फायदा डोळ्यांना दिसत नाही. ७८७ आणि ए-३५० यांच्या आतली हवा सहा हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते, जुन्या विमानांत ती आठ हजार फुटांवरच्या हवेपर्यंत विरळ होऊ शकते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. म्हणजे नव्या विमानात आपण कळसूबाईच्या माथ्याहून जरा वर बसलेले असतो आणि जुन्यात त्याहूनही बऱ्याच वर. ज्यांना दम लागतो, उतरल्यावर डोकं जड होतं, त्यांना हा फरक जाणवू शकतो.

आता ७७७ ची दहाची रांग जरा जवळून पाहू. सीट-नकाशावर ती अशी दिसते : ए, बी, सी, मग वाट, डी, ई, एफ, जी, पुन्हा वाट, आणि शेवटी एच, जे, के. वाटेलगतच्या जागा चार : सी, डी, जी आणि एच. वरवर पाहता चारही सारख्याच. पण सी वर बसणाऱ्याला ए आणि बी या दोघांसाठी उठावं लागतं. डी वर बसणाऱ्याला फक्त ई साठी, कारण एफ वरचा माणूस पलीकडून जी च्या बाजूनं बाहेर पडतो. म्हणजे चौघांच्या मधल्या गटातली कडेची सीट घेतली, तर रात्रीची झोपमोड निम्म्यावर येते, तीही बऱ्याचदा त्याच पैशात. दोघं नवरा-बायको जात असतील तर ए-३३० च्या दोन-चार-दोन रांगेतली कडेची जोडी सर्वांत सोयीची, कारण मध्ये तिऱ्हाईत कुणी येत नाही. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत पाय पसरता येतात हे खरं. पण तिथे पाळणा लावायची सोय असते, त्यामुळे तान्ही बाळं शेजारी येण्याची शक्यता असते, आणि टेबल हाताच्या दांड्यात बसवलेलं असल्यानं सीट थोडी अरुंद होते. आणीबाणीच्या दाराजवळची रांग वयस्कर किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्या प्रवाशांना देतच नाहीत, कारण वेळ आली तर दार उघडायला तिथल्या माणसाची मदत लागते.

वाटेलगतच्या सीटचा मुद्दा नुसत्या सोयीचा नाही. पायातल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याच्या धोक्याला एके काळी ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ म्हटलं जाई, आणि त्या नावामुळे महाग तिकीट घेतलं की धोका टळला असा समज पसरला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एकाच्या आसपास राहतो, आणि लांबच्या बस-रेल्वे प्रवासालाही तो लागू आहे. कारण आहे हालचाल न करता बसून राहणं. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ च्या मार्गदर्शनात खिडकीजवळ बसणं हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवला, कारण खिडकीतला माणूस उठायला संकोचतो. इकॉनॉमीमुळेच गुठळी होते याला मात्र ठोस पुरावा मिळाला नव्हता. आपल्याकडच्या आया-मावश्यांना हे विशेष लागू पडतं. शेजाऱ्याला उठवायला नको म्हणून त्या पाणी कमी पितात आणि तासन्‌तास जागच्या हलत नाहीत. त्यांना खिडकी देऊ नये. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर सीट निवडण्याआधी डॉक्टरांशी बोलणं गरजेचं आहे.

सीटनंतर टप्पे. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाला साधारण पंधरा-सोळा तास लागतात. दुबई-दोह्यावरून गेलं तर आधी तीन-साडेतीन तासांचा तुकडा, मग चौदा तासांच्या आसपासचा. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणाहून गेलं तर जवळजवळ सारखे दोन भाग, आठ-नऊ तासांचे. ज्यांचे गुडघे-कंबर दुखतात, त्यांना हे सारखे भाग सोसतात. मध्ये दोन-तीन तास चालणं होतं. ज्यांना सलग झोप हवी, त्यांना आखातानंतरचा लांब टप्पा बरा. आखाती विमानं मुंबईहून बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात. कोल्हापूरहून निघालेला माणूस दुपारीच घराबाहेर पडलेला असतो, तेव्हा विमानात बसण्याआधीच त्याची एक रात्र गेलेली असते. प्रवासाचे तास घराच्या दारापासून मोजले, तर स्वस्त तिकिटातला नऊ तासांचा रात्रीचा थांबा वाचलेल्या दहा-बारा हजारांत परवडतो का, याचं उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असंच येतं.

‘मग थेटच जावं की!’ असं कुणी म्हणेल. विमान बदलायची धास्ती असलेल्या, इंग्रजी फारसं न बोलणाऱ्या प्रवाशांसाठी हे म्हणणं बरोबर आहे आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणंही रास्त आहे. पण थेट उड्डाण थेटच राहील याची हमी नसते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागू लागलं. आखाती मार्गही यातून सुटलेला नाही. जून २०२५ मध्ये कतारची हद्द काही तास अचानक बंद झाली होती. विमान बदलण्याची धास्तीही बरीच कमी करता येते. व्हीलचेअरची सोय विनामूल्य असते, ती तिकीट काढतानाच नोंदवावी; तिच्यासोबत वाट दाखवणारा माणूस मिळतो, हाच मोठा आधार. अबुधाबीवरून गेलं तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. एरवी अमेरिकेत पुढचं विमान पकडायचं असलं, तरी पहिल्या विमानतळावर बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात.

क्लासचा निर्णय इथे येतो. प्रीमियम इकॉनॉमीबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. इकॉनॉमीत पुढच्या रांगेपर्यंतचं अंतर ३१-३२ इंच, तर प्रीमियममध्ये ३८ इंचांच्या आसपास असतं. सीट रुंद, पाठ जास्त मागे जाते, पण तिचा पलंग होत नाही. उंच माणसाला, गुडघेदुखीवाल्याला तिचा खरा उपयोग. पाठीवर आडवं पडल्याशिवाय ज्याला झोपच येत नाही, त्याला ती निराश करते. बिझनेसमध्ये विकत घ्यायची गोष्ट एकच : सपाट पलंग. लाउंज, चांदीचे काटे-चमचे, मेन्यूकार्ड हे सगळं त्यामागून. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी कायम राहिला, पण वरच्या सगळ्या वर्गांवरचा १२ वरून १८ टक्के झाला. तीन लाखांच्या भाड्यावर चोपन्न हजार नुसता कर. म्हणून वरचा क्लास घ्यायचाच असेल तर तो फक्त लांबच्या, रात्रीच्या टप्प्यासाठी आणि एकाच दिशेला घ्यावा. मुंबई-दुबईच्या तीन तासांसाठी बिझनेसचे पैसे मोजण्यात काही हशील नाही.

‘आई-वडिलांनी आयुष्यभर काटकसर केली, आता पैशाचा हिशेब कशाला?’ या भावनेचा मला आदर आहे. पण त्याच पैशात एका फेरीऐवजी दोन फेऱ्या होऊ शकतात, आणि कित्येक आई-वडील दुसरी फेरीच निवडतील. दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासानुसार बिझनेसच्या प्रवाशाचा कार्बनभार इकॉनॉमीच्या साधारण तिप्पट असतो, कारण तो तेवढी जागा अडवतो. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. गरजेच्या टप्प्यापुरताच पलंग घ्यावा याला तो आणखी एक आधार आहे. तिसरा आक्षेप असा, की कंपनी आयत्या वेळी विमान बदलते, मग एवढा अभ्यास कशाला? बदलते, हे खरं. म्हणून निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सीट-नकाशा पुन्हा पाहायचा. बहुतेक वेळा ठरलेलंच विमान येतं.

कंपनीचं नाव मग कुठे उपयोगी पडतं? गडबड होते तेव्हा. एकाच तिकिटावर सगळे टप्पे असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर पुढची सोय कंपनीनं करायची असते. दोन वेगळी तिकिटं काढली, तर चुकलेलं विमान आपलं आणि नवं तिकीटही आपल्याच खिशातून. शिवाय बॅगा घेऊन पुन्हा देण्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. दिवसात दोन-तीन विमानं सोडणारी कंपनी दुसरी जागा लवकर देऊ शकते. युरोपीय कंपनीनं मुंबईहून युरोपला जाताना तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असलं, तर युरोपीय संघाच्या नियमानुसार सहाशे युरोपर्यंत भरपाई मागता येते. मुंबईहून आखाती कंपनीनं निघालं, तर हा नियम लागू नाही.

जेवणाचं मात्र नीट पाहावं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ निवडलं, तर व्हीजीएमएल या संकेताखाली दूध-दहीही नसलेलं पाश्चात्त्य पद्धतीचं ताट येऊ शकतं. आपल्या ओळखीचं शाकाहारी जेवण हवं तर एव्हीएमएल, जैन हवं तर व्हीजेएमएल. बहुतेक कंपन्यांना ते किमान एक दिवस आधी कळवावं लागतं. आणि तिकीट मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतून कंपनीच्या संकेतस्थळावर काढणार असेल, तर तिथल्या नियमानुसार प्रवासाला सात दिवसांहून जास्त अवधी असताना कंपनीला चोवीस तासांची मुभा द्यावीच लागते : एक तर ती पैसे न घेता भाडं राखून ठेवते, नाहीतर दंडाशिवाय रद्द करू देते. एजंटाकडून काढलेल्या तिकिटाला ही मुभा मिळेलच असं नाही. त्या चोवीस तासांत विमानाचा प्रकार, रांगेची मांडणी, ‘ऑपरेटेड बाय’ची ओळ आणि मधल्या गटातली डी किंवा जी सीट रिकामी आहे का, एवढं पाहून होतं.