पंपाची सवय आणि गोळीचा साधेपणा

‘पंप नको, सवय लागते.’ दमा असलेल्या धावपटूला हे घरचे ऐकवतात, कोच ऐकवतात, सकाळी मैदानावर फेऱ्या मारणारे काकाही ऐकवतात. वर सल्ला: ‘त्यापेक्षा साधी गोळी घे.’

साधी? दम्यावरच्या साल्ब्युटामॉलची गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात बहुधा १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे चारची एक गोळी ही चाळीस दाबांच्या बरोबरीची, आणि तीही पोटातून रक्तात, रक्तातून अंगभर फिरून मग फुफ्फुसात. हात थरथरतात, छाती धडधडते ते त्यामुळेच. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत उतरतं आणि त्यात नशेचं काही नाही. साल्ब्युटामॉलचा पंप रोज लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. मात्र धाप लागल्यावर घ्यायच्या नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा रेटत राहणंही चूकच. श्वासनलिकेची सूज त्याने उतरत नाही, त्याला स्टेरॉइडचा पंप लागतो. ‘जिना’ ही दम्यावरची जागतिक संस्था २०१९पासून हेच सांगतेय. (स्टेरॉइड म्हटलं की पुन्हा सगळे दचकतात! श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडने दंड फुगत नाहीत. घेतल्यावर चूळ भरा, म्हणजे झालं.)

स्पर्धेत उतरणाऱ्याचं तर गोळीपायी करिअर जाऊ शकतं. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांत साल्ब्युटामॉलच्या पंपाला मुभा आहे: २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, त्यातही कुठल्याही आठ तासांत ६००पेक्षा जास्त नाही. गोळी आणि सिरपला बंदी. आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या औषधांत असणारं टर्ब्युटालिन तर वैद्यकीय सूट मिळवल्याशिवाय कुठल्याच रूपात चालत नाही. पंपाला डोपिंग म्हणायचं आणि पोराच्या हातात कफ सिरपची बाटली द्यायची, याला काय म्हणावं?

‘दमेकऱ्याने पळूच नये.’ ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफला दमा आहे. २००३मध्ये लंडनला तिने दोन तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन संपवली आणि तो महिलांचा विश्वविक्रम सोळा वर्षं टिकला.

‘धाप लागली म्हणजे दमाच.’ नाही. दम्याची शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते आणि त्रास पळणं थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी वाढतो. ऐन वेगात, श्वास आत घेताना घशाशी घरघर होते आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाते, तेव्हा कंठ आकसत असण्याची शक्यता जास्त. त्यावर पंप चालत नाही. रक्त कमी असलं तरी धाप लागते, म्हणून मुलींमध्ये हिमोग्लोबिन आधी तपासा. दम्याची खात्री हवी तर पळण्याआधी आणि नंतर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून श्वास मोजायची चाचणी करतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दहा टक्के किंवा जास्त घटली, तर निदान पक्कं होतं.

‘नाकानेच श्वास घे.’ शर्यतीच्या वेगात मिनिटाला शंभर लिटरच्या वर हवा लागू शकते, नाक पुरत नाही. ‘प्राणायाम केला की औषध बंद.’ प्राणायाम जरूर करा, औषध चालू ठेवून. मृगाला हैदराबादला जाऊन गिळायचा जिवंत मासा? त्याने दमा बरा होतो याला पुरावा नाही.

शर्यतीआधी डॉक्टरांनी पंप सांगितला असेल तर तो दहा-पंधरा मिनिटं आधी, जमल्यास स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्या. थंडीत वॉर्म-अपला छोट्या वेगवान धावा जोडा. त्यानंतर तास-दोन तास श्वासनलिका सहसा कमी आकसते. आणि वाटेत पंप घेऊनही बोलताना वाक्य तुटत असेल, तर शर्यत तिथेच सोडून ॲम्ब्युलन्स गाठा.