लोकसभा निवडणूक आणि मतदारांचे मत : बीड लोकसभा मतदारसंघाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

भारतासारख्या खंडप्राय देशात लोकसभेची निवडणूक हा जनमताच्या अभिव्यक्तीचा सर्वांत व्यापक प्रसंग असतो. निवडणुकीपूर्वी जनमत चाचण्यांतून आणि निवडणुकीनंतर निकालाच्या आकड्यांतून मतदाराच्या मनाचा अर्थ लावला जातो. मात्र चाचणीत सांगितलेले मत, प्रत्यक्ष दिलेले मत आणि निकालावरून काढलेला 'कौल' या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की भाकिते चुकतात. त्याहून गंभीर बाब म्हणजे समाजाविषयीचे चुकीचे समज दृढ होतात. प्रस्तुत लेखात बीड लोकसभा मतदारसंघाच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मतदारसंघाची पार्श्वभूमी :

गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज व परळी या सहा विधानसभा मतदारसंघांचा मिळून बीड लोकसभा मतदारसंघ बनतो. येथील मतदारांनी १९६७ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना, तर १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना निवडून दिले. काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागर १९८०, १९८४ व १९९१ मध्ये विजयी झाल्या. १९९८ व १९९९ मध्ये भारतीय जनता पक्षाकडून निवडून आलेले जयसिंगराव गायकवाड २००४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसकडून विजयी झाले. २००९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे गोपीनाथ मुंडे निवडून आले. या क्रमावरून येथील मतदार कोणत्याही एका पक्षाशी वा विचारसरणीशी कायमचा बांधलेला नाही, हे दिसून येते.

नमुना पाहणी आणि तिची मर्यादा :

रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या 'सीएसडीएस' या संस्थेने १९६७ च्या निवडणुकीपासून मतदारांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. या अभ्यासाचे तत्त्व 'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीत सामावलेले आहे. अर्थात भात सर्वत्र सारखा शिजला असेल किंवा शिते भांड्याच्या सर्व भागांतून घेतली असतील, तरच ही परीक्षा खरी ठरते.

यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,००० मतदारांच्या पाहणीत सुमारे ३ टक्के इकडेतिकडे होण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. २०२४ मध्ये बीडमध्ये बजरंग सोनवणे यांना ६,८३,९५० आणि पंकजा मुंडे यांना ६,७७,३९७ मते मिळाली. अंतर होते ६,५५३ मतांचे, म्हणजे दोघांच्या एकत्रित मतांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एवढा फरक विश्वासाने सांगण्यासाठी या एकाच मतदारसंघात दीड लाखांहून अधिक मतदारांना प्रश्न विचारावे लागले असते.

मतांचे जागांत रूपांतर करणे ही दुसरी अडचण. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडी व महायुती यांच्या मतांच्या टक्केवारीत एका टक्क्याहूनही कमी अंतर होते. जागा मात्र अनुक्रमे ३० व १७ मिळाल्या. देशपातळीवर २००४ आणि २०२४ मध्ये चाचण्यांचे अंदाज फसले, त्यामागेही हे एक कारण आहे.

स्थलांतरित मतदार :

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात. पतिपत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हणण्याची रीत आहे. दिवाळीच्या सुमारास गेलेल्या टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लोकसभेसाठी येथील मतदान २०१९ मध्ये १८ एप्रिलला आणि २०२४ मध्ये १३ मे रोजी झाले. याचा अर्थ असा की, जानेवारी-फेब्रुवारीत घरोघर फिरणाऱ्या पाहणीकाराला या कुटुंबांच्या दाराला कुलूप दिसते किंवा घरात वृद्ध व मुले तेवढी भेटतात. मतदानाच्या दिवशी मात्र यांपैकी बरेच जण गावात असतात. कुलूपबंद घर वगळून शेजारचे घर घेतले की नमुन्याची संख्या पूर्ण होते, परंतु एक संपूर्ण कष्टकरी वर्ग त्यातून गळतो.

उत्तराची विश्वसनीयता :

मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, बीड व माजलगाव येथे लोकप्रतिनिधींच्या घरांची जाळपोळ झाली. मराठा व इतर मागासवर्गीय समाजांतील ताण पुढे निवडणुकीपर्यंत टिकून राहिला. अशा वातावरणात ओट्यावर चार माणसांसमक्ष विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळेलच असे नाही. पाहणीकाराचे आडनाव ऐकूनही उत्तर बदलू शकते. म्हणून तोंडी उत्तराऐवजी नमुना मतपत्रिका देऊन ती बंद पेटीत टाकावयास सांगणे अधिक योग्य ठरते.

निकालाचा अर्थ :

एप्रिल २०१४ मध्ये झालेल्या मतदानात गोपीनाथ मुंडे १,३६,४५४ मतांनी विजयी ठरले. ३ जून २०१४ रोजी त्यांचे निधन झाले आणि ऑक्टोबरमधील पोटनिवडणुकीत डॉ. प्रीतम मुंडे यांचे मताधिक्य ६,९६,३२१ पर्यंत गेले. हा त्या वेळी लोकसभेच्या इतिहासातील विक्रम होता. परंतु सहानुभूतीबरोबरच राष्ट्रवादी काँग्रेसने उमेदवार दिला नव्हता, हेही लक्षात घ्यावे लागते. सहा महिन्यांत मतदारांचे मत पाचपट पक्के झाले, असे या आकड्यावरून म्हणता येणार नाही.

२०२४ चे उदाहरण अधिक बोलके आहे. लोकसभेच्या निकालाकडे दोन समाजांतील हार-जीत म्हणून पाहिले गेले. मात्र २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत याच सहापैकी पाच मतदारसंघांत महायुती विजयी झाली. उमेदवार, प्रश्न आणि सत्तेचा स्तर बदलताच निकालही बदलला. जातीचा प्रभाव नाकारता येत नाही. तथापि जात म्हणजेच मत हे समीकरण या दोन निकालांपुढे टिकत नाही.

समारोप :

६,५५३ मतांचे अंतर खासदार ठरविण्यास पुरेसे आहे. जिल्ह्याचे मन ठरविण्यास ते पुरेसे नाही. पराभूत उमेदवारास मत देणारे पावणेसात लाखांहून अधिक नागरिकही याच जिल्ह्याचे जनमत आहेत. सर्वेक्षणाचे खरे मूल्य भाकितात नसून मतामागील कारणे समजून घेण्यात आहे. हे कार्य जिल्ह्यातील महाविद्यालये चांगल्या प्रकारे करू शकतील. त्यांचे विद्यार्थी वाडीतांड्यांवरून येतात आणि टोळी केव्हा परतते हे त्यांना ठाऊक असते. राज्यशास्त्र, समाजशास्त्र व संख्याशास्त्र विभागांनी एकत्र येऊन त्याच मतदारांची लोकसभा व विधानसभा अशा दोन्ही वेळी गुप्त पद्धतीने पाहणी केल्यास मत का बदलते याचे उत्तर मिळू शकेल. त्याबरोबरच शेजाऱ्याच्या मताविषयी गावोगावी रुजलेले अनेक गैरसमज दूर होण्यासही मदत होईल.