शेवंतीला अंधार लागतो

शेवंती थंडीचं फूल आहे, गारवा सुटला की फुलतं, असं आपण सगळेच म्हणतो. मार्गशीर्षात अंगणं पिवळीधमक झालेली दिसतात, त्यामुळे ते खरंही वाटतं. पण झाडाजवळ रोज उठबस असणाऱ्याला ठाऊक असतं, की शेवंती कळ्या धरते ती थंडीच्या कितीतरी आधी. आश्विनाच्या उन्हाने जीव नकोसा होत असतो, रात्री पंख्याखालीही झोप लागत नाही, त्या दिवसांत शेंड्याशी हिरवी, मिरीएवढी गाठ दिसू लागते. शेवंतीला थंडीच्याही आधी हवी असते ती लांब रात्र.

पुण्याच्या आसपास जूनमध्ये दिवस १३ तासांच्याही थोडा वर जातो आणि डिसेंबरच्या अखेरीस ११ तासांवर येतो. एवढ्या फरकाची आपण फारशी दखल घेत नाही, फार तर संध्याकाळी दिवा लवकर लागतो असं म्हणतो. शेवंती मात्र या फरकावरच सगळा संसार उभा करते. दिवस मोठा असेतोवर ती नुसती पानं काढत राहते आणि रात्र पुरेशी लांबली की पानं थांबवून कळीकडे वळते. गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी वनस्पतींचा हा हिशेब १९२० साली मांडला. पुढे असंही कळलं की खरी मोजणी उजेडाची नसून सलग अंधाराची असते. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावला, तरी झाड ती रात्र जमेस धरत नाही.

याचा दाखला आमच्या कुंपणापाशीच आहे. पूर्वेच्या कोपऱ्यावर रस्त्याचा दिवा आहे. त्याचा प्रकाश ज्या रोपांवर पडतो ती गुडघ्याच्या वर वाढतात, काळीभोर दिसतात, पण कळी धरत नाहीत. वाफा एकच, माती एक, खत एक, पाणीही एकच. घराच्या सावलीआडची रोपं भरून फुलतात आणि दिव्याखालची नुसती हिरवी उभी राहतात. त्यांना मी कुंडीत काढून मागच्या दारी नेलं की तीही फुलतात, पण उशिरा, संक्रांतीच्या सुमारास. फुलशेती करणारे हीच गोष्ट मुद्दाम करतात. फूल लांबवायचं तर पिकावर रात्री दिवे लावतात, लवकर हवं तर संध्याकाळीच काळं कापड ओढतात.

अंधार आपल्या हातात नसला, तरी झाडाला किती फांद्या असाव्यात हे आपल्या हातात असतं. ते काम पावसाळ्यात चालतं. काश्या, म्हणजे जुन्या बुंध्यापाशी फुटलेले धुमारे, उन्हाळ्यात वेगळे करून लावायचे. रोपं वीतभर झाली की अंगठ्याच्या नखाने शेंडा खुडायचा. नख लावलं की तो तिखट-कडवट वास बोटांना चिकटतो, जेवताना हातालाही येतो. एका शेंड्याच्या जागी तीन-चार फांद्या फुटतात. त्या बोटभर झाल्या की त्यांचेही शेंडे काढायचे. वाढतं झाड असं पुन्हा पुन्हा खुडणं नवख्याच्या जिवावर येतं. पण न खुडलेली शेवंती काठीसारखी सरळ उंच जाते, टोकाला मोजकी फुलं देते आणि पहिल्या वाऱ्यात आडवी होते. आमच्याकडे जुन्या बायकांचा नियम आहे: गौरी-गणपती झाले की शेंड्याला हात लावायचा नाही. त्यानंतर जो शेंडा खुडाल तो कळीचा असेल. लांबणाऱ्या रात्रींचं शास्त्र त्या बायकांना कोणी शिकवलं नव्हतं, पण तारीख त्यांनी बरोबर धरली होती.

याच सुमाराला कोवळ्या टोकांवर काळा मावा बसतो. सकाळी पाण्याची धार मारून तो पाडावा लागतो. एकदा दुर्लक्ष झालं तर कळ्या वाकड्या होतात.

मग ते दिवस येतात ज्यांसाठी हे सगळं केलेलं असतं. कळी फुटते तेव्हा आधी बाहेरच्या पाकळ्या उलगडतात आणि मधली चकती बरेच दिवस हिरवट, घट्ट राहते. आपण पाकळी म्हणून जे उपटतो ते प्रत्यक्षात एकेक वेगळं फूल असतं. एका शेवंतीत अशी फुलांची दाटी असते आणि ती बाहेरून आत क्रमाने उमलते. म्हणून ती झाडावरही टिकते आणि तोडल्यावरही टिकते. तोडायची ती दव सुकल्यावर. ओली फुलं टोपलीत दाबून ठेवली की दुपारपर्यंत काळवंडतात. पुरंदर, दौंड, हवेलीकडून गुलटेकडीच्या फूलबाजारात सुट्या फुलांचे ढीग येतात, त्यातही भाव मिळतो तो कोरड्या, घट्ट चकतीच्या फुलाला.

तुळशीच्या लग्नापासून या फुलाला उसंत नसते. चंपाषष्ठीला खंडोबापुढे तेच पिवळं, भंडाऱ्याच्या रंगाला जुळणारं. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं त्या दिवशी भरीत होऊन रोडग्यासोबत ताटात येतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी लक्ष्मीचा कलश मांडला जातो. कलशाला पाच तऱ्हेची पानं, वर नारळ, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला येणारीच्या केसांत वेणी.

आमच्या आळीत वेण्या होतात त्या शेजारच्या मालवणच्या काकूंच्या ओसरीवर. बुधवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच जणी फुलं घेऊन बसतो. केळीच्या सोपटाचे धागे आधी पाण्यात भिजत घातलेले असतात. काकू दोन धागे पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरतात. देठ बोटाच्या पेराएवढा राखलेली तीन फुलं शेजारी शेजारी ठेवायची, देठांवरून तिसरा धागा फिरवायचा, वर मरव्याची काडी. पुढची ओळ अशी की तिच्या फुलांखाली आधीचे देठ झाकले जातील. कडेला अबोली असली तर वेणीला उठाव येतो. माझ्या हाताकडे न बघताच काकू म्हणतात, "दोरो घट वढ गो, नायतर वेणी सैल पडता." त्या नजरेने नव्हे, धाग्याच्या आवाजाने ओळखतात. ओला सोपट घट्ट बसताना बारीक करकरतो आणि सैल राहिला तर गप्प असतो.

अशा संध्याकाळी खायला तुरीच्या उकडलेल्या शेंगा हमखास असतात. जुन्या वाणांची तूर, पावटा, वाल यांनाही फुलायला रात्र लांबच लागते. रायगडात याच दिवसांपासून पोपटीची मडकी लागतात, भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा भाजल्या जातात. थंडीच्या सुरुवातीला माणसं ज्याभोवती जमतात, त्यातलं बरंच काही असं रात्रीच्या लांबीवर आलेलं असतं. म्हणून घरापुढे, झाडांवर रात्रभर दिव्यांच्या माळा सोडण्याची नवी हौस मला मनापासून खटकते. रोषणाई माणसांपुरती असावी. जेवणं झाली, पाहुणे गेले, की बागेतला दिवा बंद करावा.

पौषात फुलं वाळू लागली की झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटायचं, शेणखत घालायचं आणि पाणी बेताचं द्यायचं. महिन्याभरात बुंध्याभोवती काश्या डोकं काढतात. त्या मागायला आळीतल्या पोरीबाळी येतात. "काकू, कुठे लावू?" असं विचारतात, आणि ऊन किती, पाणी किती हे सांगण्याआधी मी त्यांना विचारते, रात्री तुमच्या अंगणात दिव्याचा उजेड कुठपर्यंत येतो?