व्हाइटवॉटरच्या प्लॉटांत अडकला शेतकऱ्याचा विमा

अमेरिकेतला शेतकरी म्हटला की आपल्यापुढे हजार एकरांचे रान, कंबाइन हार्वेस्टर आणि धान्याच्या उंच टाक्या उभ्या राहतात. एवढा मोठा बागायतदार दवाखान्याच्या बिलाला भितो, असे पारावर सांगितले तर मंडळी हसतील. पण गोष्ट खरी आहे.

दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने पगारवाढीवर बंधने घातली. तेव्हा कामगार टिकावेत म्हणून कारखानदार आरोग्य विमा देऊ लागले. त्यावर कर नव्हता, म्हणून तीच चाल पडली. नोकरी तिथे विमा! पुढे १९६५ साली म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आले. मधल्यामध्ये राहिला तो स्वतःचा धंदा करणारा. शेतकऱ्याला मालक कोण? तोच. हप्ता त्यानेच भरायचा, आणि मधुमेह किंवा हृदयविकार निघाला की कंपनी नाही म्हणायला मोकळी. म्हणून कितीतरी शेतकरी घरांत नवरा किंवा बायको जवळच्या गावी शाळेत नाहीतर बँकेत नोकरी धरते, ती पगारापेक्षा विम्यासाठी.

बिल क्लिंटन १९९३ साली राष्ट्राध्यक्ष झाले आणि सर्वांना विमा देण्याचे काम त्यांनी पत्नी हिलरी यांच्याकडे सोपवले. त्या वेळी सुमारे ३ कोटी ७० लाख लोक विम्याविना होते. २२ सप्टेंबर १९९३ रोजी क्लिंटन यांनी संसदेपुढे विम्याचे कार्ड उंचावून दाखवले. विधेयक निघाले १,३४२ पानांचे! ते तयार करताना दारे बंद होती, ही त्यांची चूकच म्हणावी लागेल. मजुरांच्या हप्त्याचा मोठा वाटा मालकाने भरायचा होता, तेव्हा गडी ठेवणारे शेतकरीही धास्तावले. विमा कंपन्यांच्या संघटनेने कोट्यवधी डॉलर ओतून टीव्हीवर जाहिराती लावल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून काळजी करणारे हॅरी आणि लुइस हे जोडपे घरोघरी पोचले.

इथवर ठीक होते. योजना बरी की वाईट, हा वाद व्हायलाच हवा. पण ग्रामसभेत नळपाणी योजनेचा विषय निघावा आणि कोणीतरी मागच्या बंधाऱ्याच्या सिमेंटचा हिशेब मागावा, तसे झाले. हिशेब मागणे चूक नाही हो, पण नळाचे तेवढे राहून जाते.

हा हिशेब होता व्हाइटवॉटरचा. आर्कान्सा राज्यात व्हाइट नदीकाठी २३० एकर जमीन क्लिंटन दांपत्याने १९७८ साली जिम मॅकडूगल यांच्या भागीदारीत घेतली होती. प्लॉट पाडून विकायचा बेत फसला. पुढे मॅकडूगल यांची पतसंस्थाही बुडाली. तिच्या पैशाशी क्लिंटन यांचा संबंध होता काय, हे तपासायला जानेवारी १९९४ मध्ये रॉबर्ट फिस्के यांची विशेष नेमणूक झाली. ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी केनेथ स्टार आले. मधेच मार्चमध्ये बातमी फुटली, की हिलरीबाईंनी १९७८-७९ साली गुरांच्या वायदेबाजारात एक हजार डॉलर लावून जवळजवळ एक लाख काढले होते, तेही दहा महिन्यांत! गोठ्यात जन्म काढलेल्या माणसाला हे पचावे कसे? ज्या बाई विमा योजना घेऊन लोकांपुढे जात होत्या, त्यांना एप्रिलमध्ये पत्रकारांपुढे बसून याची उत्तरे द्यावी लागली.

विरोधी रिपब्लिकन पक्षाला विल्यम क्रिस्टल यांनी डिसेंबर १९९३ मध्येच लेखी सल्ला दिला होता, की दुरुस्त्या सुचवत बसू नका, योजना सगळीच पाडा. सत्ताधारी डेमोक्रॅटही एकजुटीने उभे राहिले नाहीत. सप्टेंबर १९९४ मध्ये सिनेटमधले त्यांचेच नेते जॉर्ज मिचेल यांनी हात टेकले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत प्रतिनिधीगृह चाळीस वर्षांनी रिपब्लिकनांकडे गेले.

या धुमाळीत एक बारीक गोष्ट घडली, तिची चर्चा फारशी झाली नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्याला विम्याच्या हप्त्यातली २५ टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. कंपन्यांना मात्र पूर्ण हप्ता वजा मिळे. शेतकऱ्याची ही सवलतही १०० टक्के करावी, असे क्लिंटन यांच्या विधेयकात होते. जुन्या सवलतीची मुदत ३१ डिसेंबर १९९३ ला संपली. नवे आले नाही, जुने गेले. एप्रिल १९९५ मध्ये रिपब्लिकन संसदेने ती मागील वर्षापासून परत दिली आणि पुढे ३० टक्के केली, हेही सांगितले पाहिजे. पूर्ण शंभर टक्के व्हायला २००३ उजाडले. आणि व्हाइटवॉटर? त्या तपासात मॅकडूगल १९९६ साली दोषी ठरले, पण क्लिंटन पतिपत्नीवर खटला भरण्याएवढा पुरावा नाही, असा निर्वाळा २००० साली मिळाला.

जुन्या आजाराच्या नावाखाली विमा नाकारण्याला बंदी आली ती ओबामांच्या २०१० च्या कायद्याने. प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध २१२ मते पडली, विरोधकांचे एकही मत बाजूने नव्हते. ती तरतूद २०१४ पासून लागू झाली. २०१७ साली तो कायदा मोडायला निघालेले विधेयक सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ असे पडले, त्यात जॉन मॅकेन हे रिपब्लिकनच आडवे आले.

भांडण मिटले म्हणता? ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस तिथले सरकारी कामकाज बंद पडले, त्यामागे याच विम्याच्या वाढीव अनुदानाचा वाद होता. ते अनुदान डिसेंबर २०२५ अखेर संपले. आता दारिद्र्यरेषेच्या चौपटीहून अधिक उत्पन्न झाले की हप्त्याला मदत नाही. नोकरदाराला आपला पगार आधी ठाऊक असतो. शेतकऱ्याला मात्र पाऊस आणि बाजारभाव कळेपर्यंत वर्ष संपत येते, आणि पीक बरे आले तर वर्षभर घेतलेली मदत कराबरोबर परत भरायची पाळी येते.