पाण्यासोबत घाट उतरताना

अजिंठ्याची लेणी आणि दिघी बंदर एकाच रस्त्यावर आहेत, असं सांगितलं की पुणेकर आधी शंकेनं बघतो. पण खरंच तसं आहे. राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ जळगाव जिल्ह्यातल्या पहूरहून निघतो. अजिंठ्याचा घाट, सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर, नेवासा, अहिल्यानगर, शिरूर असं करत तो पुण्यात येतो आणि पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळामार्गे समुद्राला भिडतो. वाटेत ज्ञानेश्वरीचा पैस खांब आहे, नेहरूंना कैदेत ठेवलं होतं तो अहिल्यानगरचा भुईकोट आहे, रांजणगावचा महागणपती आहे. हे सगळं एका दमात उरकणं म्हणजे कमरेवर अन्याय. दोन मुक्काम हवेतच. आणि वेळ कमी असेल तर वरचं सगळं पुढच्या वर्षावर टाका, पण पुण्यातला चांदणी चौक ते कोकण हा तुकडा सोडू नका.

चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ला मध्यरात्री स्फोटकांनी पाडला. तो एका स्फोटात पुरता पडला नाही, तेव्हा आयुष्यभर त्याला शिव्या घालणाऱ्यांनीच त्याच्या बांधकामाचं कौतुक केलं. आता तिथं नवे पूल आहेत आणि चुकीच्या रॅम्पवर चढून भलतीकडे जायची नवी सोयही आहे. भूगाव, भुकूम, पिरंगुट पटकन मागे टाकावं. प्लॉटविक्रीच्या पाट्या, गोदामं, टोलेजंग इमारती. ‘मुळशी पॅटर्न’ हा २०१८चा सिनेमा ज्या जमिनींच्या व्यवहारांवर उभा आहे, ते इथं काचेतून दिसतात.

पौड तालुक्याचं गाव. चहा इथंच घ्यावा, टाकी इथंच भरावी, कारण पुढं घाटात कुठल्याच सोयीचा भरवसा धरू नये. पौडनंतर रस्त्याचा नूर बदलतो. दिवाळीच्या आसपास गेलात तर दोन्ही बाजूंना भातकापणी चाललेली असते. ओल्या खाचरात पेंढ्या ओळीनं आडव्या पडलेल्या, बांधावर पाण्याची कळशी, झाडाच्या फांदीला अडकवलेला डबा. काच खाली केली की कापलेल्या भाताचा वास गाडीत शिरतो. आंबेमोहराची आता बरीच जागा इंद्रायणीनं घेतली आहे, तरी जुनी माणसं पाहुण्याला सांगताना आंबेमोहराचंच नाव घेतात.

मग डावीउजवीकडे वळणं घेत मुळशी धरण येतं. बहुतेक गाड्या इथं थांबतात त्या कणीस आणि फोटोसाठी. थांबावंच, पण समोरचं पाणी कुठं जातं हेही विचारावं. मुळा ही खरं तर पूर्वेची नदी. पुण्यात संगमावर मुठेला भेटायचं, पुढं भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर, हा तिचा मूळ रस्ता. टाटांनी निळा-मुळेच्या संगमाजवळ बांध घातला आणि अडवलेलं पाणी पश्चिमेला वळवलं. बोगद्यातून आणि नळांतून ते सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली, भिरा इथल्या वीजघरावर आदळतं. १९२७पासून तिथं वीज तयार होते. ती गेली मुंबईला, गिरण्यांना, दिव्यांना.

आणि बुडाली ती मावळ्यांची भातशेती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन ठिय्या दिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते याच सत्याग्रहात. लढा १९२४पर्यंत चालला आणि हरला. धरणग्रस्तांच्या लढ्यांत हा अगदी पहिल्या काही लढ्यांपैकी. पुण्यात सेनापती बापटांच्या नावाच्या रस्त्यावर रोज हजारो गाड्या तुंबतात. त्यातल्या किती जणांना मुळशी आठवत असेल, कोण जाणे. जलाशयाच्या काठानं गाडी हळू चालवावी असं मला वाटतं ते नुसत्या वळणांमुळे नाही.

निवे गावाच्या पुढं मोबाईलची रेंज येते-जाते आणि घाट सुरू होतो. ताम्हिणी गावात विंझाई देवीचं देऊळ आहे. भोवतीचं जंगल २०१३पासून अभयारण्य आहे, त्यामुळे दरीच्या तोंडाशी स्पीकर लावून नाचणाऱ्यांना हटकायला संकोचू नका. इथला पाऊस म्हणजे काय, ते एका आकड्यात सांगतो: जुलै २०२४मध्ये ताम्हिणीला चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पडला. पुणे शहरात अख्ख्या वर्षात सातशे-साडेसातशे पडतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दरडींचा आणि बंदीहुकमांचा अंदाज घेतल्याशिवाय निघू नये. एरवीही उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. ब्रेकवर पाय दाबून घाट उतरणाऱ्याच्या चाकांतून विळ्याला पोचेपर्यंत जळका वास येतो, आणि तो वास ओळखीचा झालेले गॅरेजवाले पायथ्याला भेटतात.

विळ्याला रस्ता आणि पाणी वेगळे होतात. महामार्ग निजामपूर, माणगाव, म्हसळा करत दिघीला जातो. तिथं जेट्टीवरून गाडीसकट बोटीत चढून आगरदांड्याला उतरता येतं; जंजिरा मग हाकेच्या अंतरावर. मुळशीचं पाणी मात्र भिऱ्याहून कुंडलिकेत पडतं, कोलाडवरून वाहतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात मिळतं. कोलाडचं राफ्टिंग बारमाही चालतं ते याच पाण्यावर. माझं मत विचाराल तर विळ्याहून सुतारवाडीमार्गे कोलाडला जाऊन एक रात्र काढा, आणि दिघी दुसऱ्या दिवशी. फक्त राफ्टिंग सकाळचं ठरवा. वीजघरातून पाणी सकाळी सुटतं. उशिरा उठून दुपारी काठावर गेलात, तर कुंडलिकेत नावेपेक्षा दगडच जास्त दिसतील.