दोघांचा प्रवास, दोघांची औषधे

नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी पूर्वी काशी-रामेश्वर करून येत आणि उरलेले आयुष्य अंगणात काढीत. आता काळ बदलला. मुलगा अमेरिकेत, मुलगी दुबईत किंवा सिंगापुरात, अशी घरे आपल्या गावातही आळीआळीला सापडतात. त्यामुळे साठी उलटल्यावर पहिल्यांदा पासपोर्ट काढणारे आजी-आजोबा काही नवलाचे राहिलेले नाहीत. शिवाय कोकणातल्या माणसाला समुद्र दाराशीच. मालवणहून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणे, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने खाडी ओलांडणे, मुंबईहून मांडव्याला बोटीने उतरणे, हा प्रवास निवृत्त मंडळी हौसेने करतात. काहीजण तर पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर चार-पाच दिवस राहूनही येतात.

निघण्याआधी त्यातले पुष्कळजण माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, या वयात झेपेल ना?" माझे उत्तर बहुतेक वेळा "झेपेल, अवश्य जा" असेच असते. एरिक आणि सुझन हिस्कॉक या ब्रिटिश पतिपत्नींनी १९५२ ते १९५५ या काळात साधारण ३० फुटी शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. होडीवर ती दोघेच. एरिक यांची दृष्टी अधू होती. तरीही सत्तरी ओलांडल्यावरही या दोघांचा संसार शिडाच्या बोटीवरच होता. आपल्याला काही पृथ्वीप्रदक्षिणा करायची नाही. पण वय झाले म्हणून समुद्र किंवा विमान वर्ज्य, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

मग त्रास होतो तो कशाने? माझ्या अनुभवात तो बहुधा घरचा दिनक्रम मोडल्याने होतो. जेवणाची वेळ चुकते, गोळी राहते, पाणी कमी प्यायले जाते, हालचाल थांबते. माणूस सुट्टीवर जातो, पण त्याचा मधुमेह आणि रक्तदाब सुट्टीवर जात नाहीत.

बोट का लागते?

आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि तोल सांभाळणारी इतर यंत्रणा असते. शरीर कुठे कलले, किती हलले, याची खबर ती मेंदूला देते. बोटीच्या आत बसले की कान सांगतो, "आपण वरखाली हलतो आहोत." डोळ्यांना मात्र समोरचा बाक आणि भिंत स्थिर दिसते. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही, मेंदू गोंधळतो आणि मळमळ, घाम, उलट्या सुरू होतात. मळमळीला इंग्रजीत जो 'नॉशिया' शब्द आहे, तो ग्रीक भाषेतील जहाजाच्या शब्दावरून आला आहे. आपल्या 'नौका' शब्दाच्याच कुळातला तो. बोट लागणे हे नाजूकपणाचे लक्षण समजू नये. इंग्लंडचा दर्यावर्दी सेनापती नेल्सन यालाही समुद्र लागत असे. शास्त्रज्ञ डार्विन १८३१ ते १८३६ या आपल्या जगप्रसिद्ध सफरीत या त्रासाने बेजार झाला होता.

उपाय सोपे आहेत. बोटीच्या मधल्या भागात बसावे, तेथे हेलकावे कमी असतात. नजर दूर क्षितिजावर ठेवावी, म्हणजे डोळ्यांची साक्ष कानाशी जुळते. वाचन करू नये, मोबाइलमध्ये डोके घालू नये. इंजिनाच्या धुराजवळ बसू नये. तुडुंब जेवून बोटीत चढू नये आणि अगदी उपाशीपोटीही चढू नये. आल्याची वडी चघळल्याने काहींना बरे वाटते. त्यात अपाय नाही, फक्त मधुमेहींनी तिच्यातील साखर ध्यानात ठेवावी.

बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्या (उदाहरणार्थ प्रोमेथाझिन) निघण्यापूर्वी किमान तासभर घ्याव्या लागतात. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. पण या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते. प्रोस्टेटची गाठ वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते आणि काचबिंदूच्या काही रुग्णांच्या डोळ्यांतील दाब वाढू शकतो. गुंगीत बोटीवरून उतरताना पाय घसरण्याची भीती असते ती वेगळीच. म्हणून शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नये, आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

झोप की साखर कमी?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहीत आहे, ती सांगतो. माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, पत्नीसह होडीने डॉल्फिन पाहायला गेले होते. मधुमेहाची गोळी त्यांनी सकाळी नेहमीप्रमाणे घेतली. मात्र उलटी होईल या भीतीने पोहे निम्मेच खाल्ले. वर बोट लागू नये म्हणून दुसरी गोळी घेतली. तासाभरात उलटी झाली आणि ते बाकावर कलंडून पेंगू लागले. बरोबरची मंडळी म्हणाली, "गोळीची झोप आहे, पडू द्या." त्यांच्या पत्नीने कपाळाला हात लावला तर ते थंड आणि घामाने ओलेचिंब. प्रश्न विचारला तर उत्तर असंबद्ध. त्या बाईंना पतीची कोणती गोळी साखरेची आणि ती घेतली आहे की नाही, हे नेमके ठाऊक होते. त्यांनी पिशवीतली साखर पाण्यात कालवून घोट घोट पाजली. दहा-पंधरा मिनिटांत मास्तर उठून बसले, मग त्यांना बिस्किटे खायला दिली.

हे काय झाले? मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन, पोटात अन्न असो वा नसो, रक्तातील साखर उतरवत राहतात. जेवण कमी झाले किंवा उलटून पडले की साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. थंड घाम, हाताची थरथर, धडधड, चिडचिड, गोंधळ आणि मग गुंगी, अशी ही लक्षणे आहेत. बोट लागल्याची आणि गोळीच्या झोपेची लक्षणे यांच्याशी ती इतकी मिळतीजुळती असतात की अनुभवी माणूसही फसेल. म्हणून मधुमेही माणूस प्रवासात घामेजला आणि असंबद्ध बोलू लागला, तर आधी साखर द्यावी, मग बाकीचा विचार. मात्र माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच तोंडाने द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

विमानातील बैठक

परदेशचे विमान म्हणजे आठ-दहा, कधी पंधरा तासांची बैठक. इतका वेळ पाय लोंबकळत राहिले की पोटरीतील खोल शिरांत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. हा केवळ विमानाचा रोग नव्हे. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव होत असताना लोक रात्र रात्र निवाऱ्यांत आरामखुर्च्यांवर बसून काढीत, तेव्हा अशाच गुठळ्यांनी मृत्यू झाल्याचे कीथ सिम्प्सन या डॉक्टरांनी नोंदवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच असतो. म्हणजे घाबरायचे कारण नाही, पण पाय हलवायचे कारण आहे.

दर तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे. बसल्या जागी टाचा आणि चवडे आलटून पालटून उचलावेत. पूर्वी गुठळी झालेली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घट्ट मोजे किंवा इंजेक्शन लागेल का, ते तेच ठरवतील. उतरल्यानंतर पुढील काही आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखू लागला किंवा अचानक धाप लागली, तर "प्रवासाचा शीण" म्हणून घरी बसू नये.

विमानातील हवेचा दाबही साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट. तेव्हा ज्यांना दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार आहे, जिना चढताना धाप लागते किंवा हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला आहे, त्यांनी तपासून घेतल्याशिवाय तिकीट काढू नये.

पाणी आणि संकोच

आपल्याकडच्या स्त्रिया प्रवासात पाणी पीत नाहीत. कारण सांगायला नको. होडीवर सोय नसते आणि विमानात शेजाऱ्याला उठवायचा संकोच वाटतो. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे पुष्कळजण तर त्या दिवशी ती गोळीच टाळतात, आणि मला परत आल्यावर सांगतात. पाणी कमी पडले की रक्तदाब उतरून चक्कर येते, लघवीचा दाह होतो, बद्धकोष्ठ होते. गोळी परस्पर बंद केली तर हृदयरोग्याला धाप लागू शकते. या गोळीची वेळ त्या दिवसापुरती मागेपुढे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. विमानात मधल्या वाटेजवळची जागा मागून घ्यावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

घड्याळ आणि गोळ्या

भारताची वेळ न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. शरीराचे आतले घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकते. म्हणून आठवडाभर रात्री जाग आणि दुपारी पेंग येते. पूर्वेकडे येताना, म्हणजे अमेरिकेहून घरी परतताना, हा त्रास अधिक होतो. सकाळच्या उन्हात थोडे फिरावे, तेथील वेळेप्रमाणे जेवावे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र अंदाजाने डोस घेऊ नयेत. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला येताना आखूड होतो. त्याप्रमाणे डोस कसे बदलायचे ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. चुकलेली गोळी आठवली म्हणून एकदम दोन घेऊ नयेत.

पिशवीत काय असावे?

सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठ्या बॅगा चुकतात, उशिरा येतात. शिवाय विमानाच्या सामानकक्षात इन्शुलिन गोठण्याची शक्यता असते, आणि गोठलेले इन्शुलिन निकामी होते. होडीवर त्याला उन्हापासून जपावे. औषधे मूळ वेष्टनात आणि मुक्कामापेक्षा थोडी जास्तच घ्यावीत. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी आणि तिच्यात औषधाचे मूळ नाव असावे. आपले ब्रँडचे नाव तेथील डॉक्टरांना कळत नाही. पॅरासिटामॉललासुद्धा अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात. कोडीन, ट्रामाडॉलसारखी औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत, ती परवानगीशिवाय नेऊ नयेत.

प्रवासाचा विमा काढताना असलेले आजार लपवू नयेत. चार पैसे वाचतात, पण वेळ आली की भरपाई नाकारली जाते आणि अमेरिकेतील रुग्णालयाचे बिल जन्माची पुंजी खाऊ शकते. केनियासारख्या देशात जायचे असेल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर या लसीचा क्वचित गंभीर त्रास होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांशी बोलून घ्यावी. मोठ्या जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरते, तेव्हा नुसत्या जंतुनाशक द्रवावर विसंबू नये. साबण-पाण्यानेच हात धुवावेत. आणि होडी लहान असो वा मोठी, लाइफ जॅकेट अंगावर बांधलेले हवे. बाकाखाली ठेवलेले जॅकेट ऐनवेळी कामाला येत नाही.

शेवटची सूचना पुरुषवाचकांना. पतीच्या गोळ्या पत्नीला पाठ असतात, पण पत्नी काय घेते हे विचारले की बहुतेक पती माझ्याकडे नुसते पाहत राहतात. परक्या देशात किंवा भर समुद्रात बाईंना भोवळ आली, तर त्यांच्या वतीने कोण बोलणार? म्हणून निघण्याच्या आदल्या रविवारी दोघांनी समोरासमोर बसून एक कागद करावा. त्यावर दोघांचे आजार, औषधांची मूळ नावे, प्रमाण, वेळा, कशाची अॅलर्जी आहे, रक्तगट आणि मुलांचे दूरध्वनी क्रमांक लिहावेत. त्याच्या दोन प्रती काढाव्यात. तिचा कागद त्याच्या खिशात आणि त्याचा कागद तिच्या पर्समध्ये असावा. अर्ध्या तासाचे काम आहे. ते झाले की खुशाल निघावे.